‘ट्रॅकचं टेन्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलला पैसे देण्याआधी हे वाचा

11,000 रुपये गेले आणि लायसन्स नाहीच. शिकवणी 6,500, ‘आरटीओ खर्च’ 2,500, ‘ट्रॅक प्रॅक्टिस’ 1,200, टेस्टच्या दिवसाचं गाडीभाडं 800. सरकारी फी म्हणाल तर चारचाकीच्या चाचणीचे 300 आणि परवान्याचे 200. मधले पैसे कुठे मुरले ते विचारलं की ‘सगळीकडे असंच चालतं’. पावती म्हणून व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेले आकडे. निदान पैसे ऑनलाइन द्या, नोंद तरी राहते.

ट्रॅक प्रॅक्टिस म्हणजे मोकळ्या मैदानात चार विटा आणि दोन काठ्या. ‘मागच्या डाव्या काचेच्या कोपऱ्यात काठी दिसली की स्टिअरिंग पूर्ण डावीकडे’, एवढंच शिक्षण. ही खूण त्या एकाच गाडीत, सीट त्याच जागी असली तरच चालते. टेस्टला त्यांनी आणली दुसरी, लांब गाडी! एचमध्ये, म्हणजे टेस्टच्या इंग्रजी H आकाराच्या ट्रॅकवर, रिव्हर्स घेताना काठी दिसेपर्यंत मागचं चाक रेषेवर. रिव्हर्स दोन्ही आरशांत रेषा बघून, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, रांगत घ्यायचा असतो. गाडी तीच मिळणार हे आधी लिहून घ्या.

आता सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट. चढावर गाडी कधी बंद पडली नाही की मागे सरकली नाही. नवशिक्याची गाडी बंद पडत नाही, हे कसं शक्य आहे? तिथेच खटकायला हवं होतं. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात आणि त्याचा पाय कायम त्यावर. पण शेजारचा माणूस ‘बघा, हात बसला तुमचा’ म्हणत असताना कोण वाकून त्याचे पाय बघत बसतो? नजर रस्त्यावर ठेवा असं त्यानेच सांगितलेलं. त्याला पाय मागे घ्यायला लावा आणि स्वतः करून बघा: हँडब्रेक वर, पहिला गिअर, क्लच सावकाश सोडा, इंजिनाचा आवाज जड झाला आणि बॉनेट किंचित उचललं की तिथेच थांबा, थोडा रेस, मग हँडब्रेक खाली. घाईत हँडब्रेक आधी सोडला की गाडी मागे आलीच.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 31 किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे 10 तास मागतो. यांचं पॅकेज 15 दिवस, रोज अर्धा तास. म्हणजे कागदावरसुद्धा साडेसातच तास. त्यातही पुढच्या मुलाला घ्यायला गाडी वळवायची. फॉर्म 15 मध्ये तुमचे तास लिहिलेले असतात, तो बघायला मागा. चेहरा पडतो.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. परिवहन कार्यालयात एका खिडकीने दुसरीकडे धाडलं, दुसरीने ‘साहेब ट्रॅकवर आहेत’, आणि साहेब म्हणाले, ‘खासगी स्कूल, आमच्या हातात काही नाही.’ हातात नाही? स्कूलचा परवाना हेच देतात, आणि नियम 28 प्रमाणे तो निलंबित किंवा रद्द करणारेही हेच! अर्ज द्या, पण पोचवर आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात, मोजलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी नाही, मुदत दोन वर्षं.

नापास झाल्यावर 7 दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. त्याचे 300 स्वतः सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर भरा. स्कूलवाल्याने त्याच कामाचे 1,500 सांगितले, तेही हसत.