टोस्टमास्टर्सच्या पद्धतीने मुलांची रविवारची सभा : जुलैपासून आत्तापर्यंतचा अनुभव, सोलापूर

बरेच जण विचारतात की तुमच्याकडे ती रविवारची सभा चालते ती नेमकी काय असते, मुलांच्यात खरंच काही फरक पडतो का, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते. जुलैत सुरू केलं, आता उन्हाळा लागलाय, म्हणजे नव्याची नवलाई संपून गेल्यावरचं बोलतेय.

आधी पद्धत कुणाची ते सांगते. टोस्टमास्टर्स म्हणून संस्था आहे, १९२४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेली, माणसाला चारचौघांत बोलता यावं आणि सभा चालवता यावी यासाठी. मी पुण्यात नोकरीला होते तेव्हा कंपनीतच त्यांचा क्लब होता, त्यात मी जायचे. आता सोलापुरात परत आलेय, टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते. त्यांच्याकडे मेंबर व्हायला १८ पूर्ण लागतात आणि फी असते, आणि आमच्या गल्लीतली पोरं म्हणजे नववीपासून बीकॉम, पोलीस भरती, एमपीएससी अशी सगळी मिक्स, त्यामुळे आम्ही क्लब वगैरे काढला नाही, त्यांचं नाव पण लावत नाही, फक्त सभा घ्यायची रीत उचलली. ज्यांना १८ च्या खालच्या मुलांसाठी रीतसर पाहिजे त्यांनी त्यांच्या गॅव्हल क्लबची माहिती काढावी.

रीत साधी आहे. दोन जण तयारी करून बोलतात, पाच ते सात मिनिटं. पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. मग चिठ्ठ्यांचा राउंड, डब्यातून चिठ्ठी काढायची आणि जो विषय येईल त्यावर एक ते दोन मिनिटं बोलायचं, तयारी नाही काही नाही. प्रत्येक भाषणावर एक जण दोन-तीन मिनिटांत अभिप्राय देतो. आणि याशिवाय कामं वाटलेली असतात, वेळ धरणारा, "अं... म्हणजे... ॲक्च्युली" मोजणारा, आणि सगळी सभा चालवणारा सभाप्रमुख. ही कामं दर रविवारी फिरतात. माझ्या मते सगळी ताकद या फिरण्यातच आहे, भाषणात नाही.

हे मला ठासून सांगायचंय. मुलांना प्रेरणा द्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिलं काय सुचतं तर व्याख्यान ठेवा. बाहेरून वक्ता येतो, पोरं दोन तास टाळ्या वाजवतात, चार दिवस स्टेटस ठेवतात आणि मग पुन्हा होतं तसं. ऐकून तात्पुरतं बरं वाटतं, पण "हे काम तुझं आहे आणि तू नाही केलंस तर सगळ्यांचं अडेल" असं त्यांना कुणीच कधी म्हटलेलं नसतं. घरातली कामं असतात, पण ती सांगितलेली असतात, त्यात स्वतः काही ठरवायचं नसतं.

आमच्याकडे एक दहावीतली मुलगी येते. तिची आई विड्या वळते, कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी आणायचा, हजार वळून परत द्यायच्या, आणि ही शाळेतून आली की पानं कापायला बसते. पहिले बरेच रविवार भिंतीला टेकून गप्प. बोलायला सांगितलं की "नको अक्का". मग तिला वेळ धरायचं काम दिलं. त्या दिवशी बोलायला उभा होता आमच्यातला सगळ्यात मोठा, एमपीएससीवाला, ज्याच्यापुढे बाकीची पोरं गप्प असतात. हिने लाल कार्ड दाखवलं. हा बोलतोय. हिने कार्ड अजून वर धरलं. हा तरी बोलतोय, तर ही उठून त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, कार्ड छातीशी धरून, एक शब्द नाही. तो थांबला आणि थँक्यू म्हणून बसला. तिला त्या दिवशी कळलं की आपण धरलेल्या कार्डाला किंमत आहे. त्यानंतर दिवाळीच्या आसपास तिने सभाप्रमुखाचं काम मागून घेतलं. गुरुवारीच सगळ्यांना फोन करून कोण येणार कोण नाही विचारलं, एक वक्ता आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा तयार ठेवला, आणि मला यातलं काहीच विचारलं नाही. लीडरशिप म्हणतात ती मला हीच वाटते, बाकीचं वक्तृत्व नंतर येतं.

भाषेचं सांगते कारण सोलापुरात हा मोठा मुद्दा आहे. आमचा पूर्व भाग, घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड पण चालतं. पोरांना सांगायला भरपूर असतं पण मराठी चुकेल म्हणून तोंड उघडत नाहीत. टोस्टमास्टर्समध्ये व्याकरण बघणारा एक माणूस असतो, ते पद आम्ही ठेवलंच नाही. कुठल्याही भाषेत बोला, मिसळून बोला. हा बदल मी सगळ्यांना सुचवेन. एका पोराने चिठ्ठीवर "माझा चौक" आला तेव्हा अर्धं तेलुगूत अर्धं मराठीत असं काही बोलून दाखवलं की वेळ धरणाराच कार्ड दाखवायला विसरला.

१२ जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर सभा ठेवली होती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला त्यानंतरचा खटला आणि १९३१ साली येरवड्यात फाशी. पोरं रोज या चौघांच्या पुतळ्यांच्या चौकातून जातात, पण कुर्बान हुसेन विशीतलेच होते हे ऐकल्यावर एक जण म्हणाला, "म्हणजे आपल्याएवढेच की बे". त्या दिवशी कुणाचीच भाषणं पाठ केलेली वाटली नाहीत.

आता ध्येयांचं. सुरुवातीला सभेच्या शेवटी प्रत्येकाने आपलं ध्येय सांगायचं असं ठेवलं होतं. मी पीएसआय होणार, मी सीए होणार, टाळ्या. महिनाभरात दिसलं की सांगून समाधान होतंय आणि घरी काही हलत नाही. मग शोधाशोध केली तर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम सापडलं. त्यांच्या २००९ च्या प्रयोगांत असं दिसलं होतं की मला अमुक व्हायचंय हा संकल्प दुसऱ्याने ऐकून दखल घेतली की काही वेळा माणूस त्यासाठी कष्टच कमी करतो, कारण अर्धं काम आधीच झाल्यासारखं वाटतं. आणि त्यांचंच १९९९ चं म्हणणं असं की ध्येयापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करणार" असं ठिकाण-वेळेसकट ठरवलं तर हातून जास्त घडतं. तेव्हापासून मोठी स्वप्नं सभेत बोलायची नाहीत, फक्त येत्या आठवड्याचं एक वाक्य, "की" असलेलं. "क्लासवरून आलो की जेवायच्या आधी एक पेपर सोडवणार." पुढच्या रविवारी तेच वाक्य वाचायचं आणि झालं किंवा नाही झालं एवढंच म्हणायचं, कारणं नाहीत, रागावणं नाही.

पोलीस भरतीवाला एक पोरगा मात्र बोलायलाच अडून बसला होता. "अक्का, आम्हाला मुलाखतच नसते, ग्राउंड ५० आणि लेखी १००, मी बोलायला शिकून काय करू?" बरोबर होतं त्याचं. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेच्या नव्या पद्धतीत मुलाखतीला २७५ मार्क आहेत, त्या पोरांना सरळ फायदा दिसतो, याला दिसत नव्हता. त्याने वाक्य लिहिलं, "पाचचा गजर झाला की बूट घालून दाराबाहेर". १६०० मीटर वगैरे काही लिहिलं नाही, फक्त दाराबाहेर. ते जमलं तसा तो दुसऱ्या दोघांना उठवायला लागला, आणि आता सकाळी एक गटच पळतो, वेळा लिहून ठेवायचं काम त्यांच्यात आळीपाळीने. सभेत अजूनही दीड मिनिटात बसतो तो, पण मला चालतं.

काय आवडलं नाही ते पण. अभिप्राय हा भाग आमच्याकडे अजून नीट बसलेला नाही. पोरं एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून नुसतं "छान बोलला" म्हणतात. मग नियम केला की पुढच्या वेळी बदलायची एकच गोष्ट सांगायची, त्याने थोडं सुधारलं. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आणि नंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षांना सभा अगदी रोडावते, तेव्हा बंद करू नका, चार जण आले तरी घ्या, एकदा खंड पडला की पुन्हा जमवणं फार अवघड जातं. मुलींच्या घरच्यांना वेळेची काळजी असते, आम्ही चार ते साडेपाच ठेवलं आणि साडेपाचला म्हणजे साडेपाचला संपवतो, त्यामुळे आता आया स्वतःहून पाठवतात. आणि कुणाला इंग्लिश स्पीकिंगसाठी किंवा स्पर्धेत बक्षीस आणायसाठी हे हवं असेल तर त्यात समाधान होणार नाही, त्याला वेगळे क्लास आहेत.

खर्च विचाराल तर रंगीत कार्डबोर्ड, एक दोनशे पानी वही, चिठ्ठ्यांना स्टीलचा डबा. जागा आम्हाला गल्लीतल्या गणपती मंडळाची खोली मिळाली. वेळ मोबाईलवर लावू नका, हातात फोन आला की वेळ धरणारा त्यातच जातो. सेकंद काटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ घ्या आणि ते वक्त्याच्या पाठीमागे लावा, म्हणजे वेळ धरणाऱ्याला दिसेल आणि बोलणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडे जाणार नाही.