पुढच्या चाकांची खटखट वॉरंटीत दुरुस्त करून घेताना: चार फेऱ्या आणि त्यानंतरचे सात महिने

गाडी घेऊन १५ महिने झाले. इंजिन, क्लच, एसी यांबद्दल तक्रार नाही आणि त्यावर लिहिण्यासारखं नवं माझ्याकडे काही नाही. मला लिहायचंय ते पुढच्या चाकांकडून येणाऱ्या एका आवाजाबद्दल. तो वॉरंटीत दुरुस्त करून घेण्यात माझे अडीच महिने गेले. त्या काळात जे कळलं ते आधी कोणी सांगितलं असतं, तर निदान दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

आवाज सुरू झाला ६,८०० किलोमीटरच्या आसपास. सकाळी गाडी बाहेर काढली, वेग जेमतेम १५-२०, रस्ता जरा खडबडीत, की डावीकडे पायापाशी ‘खटक’. मग थोडं अंतर शांत, पुन्हा ‘खटक’. आधी वाटलं दाराच्या कप्प्यातली बाटली असेल. ती काढली. मग डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी, सगळं बाहेर ठेवून एक दिवस गाडी चालवली. आवाज तसाच. एवढं मात्र प्रत्येकाने करावं. सर्व्हिस सेंटरमध्ये पहिला संशय गाडीतल्या सामानावरच जातो. तो आपण आधीच मिटवलेला असला की बोलणं लगेच पुढे सरकतं.

पहिल्या फेरीत ॲडव्हायझरने, म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार लिहून घेणाऱ्या माणसाने, जॉबकार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहिलं, ‘पुढून आवाज’. मी सही केली. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा शेरा होता, ‘टेस्ट ड्राइव्ह घेतली, आवाज आढळला नाही.’ खूप राग आला. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, ते खोटं बोलत नव्हते. मी गाडी अर्धा तास चालवत तिथे नेली होती, दुपारपर्यंत ती उन्हात उभी होती आणि मग कोणीतरी तिला गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून आणली होती. सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेत, जागोजागी रबर असतं. थंडीत ते कडक होतं, गाडी चालून गरम झाली की मऊ पडतं आणि पुष्कळ आवाज झाकून टाकतं. शिवाय ‘पुढून आवाज’ या दोन शब्दांवरून कोणी काय शोधणार? चूक माझीही होती. सही करताना ते बदलून घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या फेरीत गाडी लिफ्टवर चढवली, खालचे सगळे बोल्ट आवळले, स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांडीच्या) रबरांवर सिलिकॉन स्प्रे मारला. गाडी घेऊन निघाले तेव्हा आवाज नव्हता. तीन दिवस अगदी सुखात गेले, चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा ‘खटक’. स्प्रेने किंवा ग्रीसने आवाज काही दिवस गप्प बसतो, पण दुरुस्ती झाली असं त्यावरून म्हणता येत नाही. तसं करणार असाल तर जॉबकार्डवर नेमकं कुठे मारलं ते लिहून घ्या. आवाज गेला आणि परत आला, तर तोसुद्धा एक पुरावा असतो.

मी पुन्हा फोन केला तेव्हा ते वाक्य ऐकायला मिळालं. “मॅडम, एवढा आवाज सगळ्याच गाड्यांना असतो.” यावर वाद घालून उपयोग नाही हे कसं कोण जाणे, त्या क्षणी सुचलं. मी म्हटलं, “ठीक आहे. तुमची टेस्ट ड्राइव्हची गाडी हेच मॉडेल आहे ना? दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावरून, एकाच वेगाने नेऊ या.” ॲडव्हायझर तयार झाला. ही झाली तिसरी फेरी. त्यांच्या गाडीत आवाज नव्हता, माझ्या गाडीत होता, आणि या वेळी तो बाजूला बसलेला होता. सगळ्या प्रकरणाला कलाटणी मिळाली ती इथे. ‘सगळ्यांनाच असतो’ याला दुसरं उत्तर माझ्या माहितीत नाही.

डीलरची बाजूही मला नंतर समजली. वॉरंटीच्या कामाचे पैसे ग्राहक देत नाही, कंपनी देते. त्यासाठी डीलरला तक्रार काय, कारण काय, उपाय काय, हे तिन्ही नोंदवून दाखवावं लागतं, काढलेला जुना भाग कंपनीच्या तपासणीसाठी ठेवावा लागतो, आणि मजुरी मिळते ती त्या कामाला ठरवून दिलेल्या वेळेची. शोधण्यात गेलेले जादा तास सहसा पदरात पडत नाहीत. म्हणून आवाज त्यांच्या माणसाच्या कानावर पडेपर्यंत कोणी भाग बदलायला धजत नाही. हे कळल्यावर माझा सूर बदलला. भांडण्याऐवजी मी ठरवलं की आवाज हवा तेव्हा काढून दाखवता आला पाहिजे. गाडी माझी, रोज चालवणारी मी. तो कधी येतो हे माझ्याइतकं कोणालाच कळणार नव्हतं.

तिसऱ्या फेरीत त्यांनी डावी लिंक बदलली. लिंक म्हणजे स्टॅबिलायझर बार आणि शॉकॲब्सॉर्बर यांना जोडणारी छोटी दांडी. तिच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे वळणारा गोल सांधा, असतो आणि तो सैल झाला की लहान खड्ड्यांवर ‘खटक’ होते. आवाज निम्म्याने कमी झाला, पण गेला नाही. घरचे म्हणाले, आता सोडून दे. मी सोडलं नाही. मी एक वही केली आणि आठवडाभर लिहीत गेले.

त्या आठवड्यात मला सगळ्यात मोठी गोष्ट कळली. माझ्या गाडीत दोन वेगळे आवाज होते आणि मी दोघांना एकच समजत होते. एक ‘खटक’, कोरडा, हातोडी लाकडावर मारावी तसा. दुसरा ‘टण्ण’, स्प्रिंग सुटावी तसा, मागे थोडा घुमणारा. आपल्या भाषेत आवाजांना केवढे शब्द आहेत! खडखड, खुळखुळ, करकर, घरघर, किणकिण. ते वापरायला लाजू नका. सैल बॉल जॉइंट सहसा खटखटतो, चाकाचं खराब बेअरिंग सहसा घरघरतं. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते आणि वळणावर, त्या बाजूवर भार पडला की बदलते. पूर्ण स्टीअरिंग वळवून गाडी पुढे काढताना लागोपाठ ‘टक टक टक’ झालं, तर संशय ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवत ठेवणाऱ्या सांध्यावर, जातो. नेमका शब्द वापरला की ऐकणाऱ्याच्या डोक्यातली निम्मी यादी तिथेच गळून पडते.

‘खटक’ कधी येतो हे गतिरोधकाने सांगितलं. दोन्ही चाकं एकदम चढवली तर आवाज नाही. गाडी तिरकी घेतली, आधी एक चाक मग दुसरं, की हटकून आवाज. कारण साधं आहे. दोन्ही चाकं बरोबर वर गेली तर स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही, लिंकवर ताण येत नाही. एकच चाक वर गेलं की बार पिळतो आणि लिंकमधली ढिलाई बोलते. म्हणजे लिंकच, पण डावी तर नवी होती. मग भाऊ मागच्या सीटवर बसला, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि त्याने सांगितलं की आवाज उजवीकडून येतोय. लोखंडातून आवाज भलतीकडे जातो, चालकाच्या कानावर एकट्यावर भरवसा ठेवू नये. त्याच रस्त्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवूनही पाहिलं. ब्रेक पॅड त्यांच्या जागेत खुळखुळत असतील तर तेवढ्याने आवाज थांबतो. माझा थांबला नाही, म्हणून पॅड यादीतून बाद.

‘टण्ण’ मात्र खड्ड्यावर येतच नव्हता. तो यायचा पार्किंगमधून बाहेर पडताना, गाडी जवळजवळ उभी असताना स्टीअरिंग पूर्ण वळवलं की, आणि फक्त सकाळी.

रेकॉर्डिंगबद्दल एक सूचना. मोबाईलचा माईक जड, घुमता आवाज नीट पकडत नाही आणि मी केलेल्या सहा-सात व्हिडिओंपैकी एकच कामाचा निघाला. तो असा मिळाला: लांबलचक भिंतीला लागून, खिडकी उघडी ठेवून, हळू गाडी चालवली. चाकाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि आत स्पष्ट ऐकू येतो. व्हिडिओ भावाने काढला. गाडी चालवणाऱ्याने यात फोनला हात लावू नये.

चौथ्या फेरीआधी मी डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला एकच ईमेल पाठवला. तिन्ही भेटींच्या तारखा, किलोमीटर, जॉबकार्डचे क्रमांक आणि दोन आवाजांचं वर्णन, प्रत्येकी दोन ओळींत. रागाचा एकही शब्द घातला नाही. मागणी एवढीच की गाडी रात्रभर तुमच्याकडे राहील आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी मी तिथे येईन. दोन दिवसांत होकार आला.

सकाळी गेले तर एक वयस्क मेकॅनिक हजर होते. म्हणाले, “ताई, तुम्हीच चालवा, मी बाजूला बसतो. आवाज तुम्हाला काढता येतो ना?” मला इतकं बरं वाटलं! अडीच महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. आवारातला गतिरोधक तिरका घेतला. खटक. ते लगेच म्हणाले, “उजवी लिंक.” मग गाडी जागेवर उभी करून त्यांनी बॉनेट उघडलं, डाव्या चाकामागे हात घालून स्प्रिंगला धरलं आणि मला स्टीअरिंग हळूहळू वळवायला सांगितलं. टण्ण. “काका, मिळालं?” “हाताला झटका बसला. वरचं बेअरिंग अडकतंय.” शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यावर हे बेअरिंग असतं. स्टीअरिंग वळलं की स्प्रिंगही सहज फिरावी यासाठी. ते अडकलं की स्प्रिंग पिळत राहते आणि मग एकदम सुटते. दहा मिनिटांत दोन्ही निदानं झाली.

त्यांनी आणखी एक गोष्ट दुरुस्त केली, आणि ती मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या फेरीत खालच्या आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आवळले होते. या आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळायचे असतात. नाहीतर गाडी खाली आली की बुशला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. काकांनी ते ढिले करून पुन्हा आवळले. तुमच्या गाडीचं असं काम झालं असेल तर हे नक्की विचारा.

भाग मागवावे लागले, ११ दिवस लागले. तेवढे दिवस गाडी चालवली तर चालेल का, हे मी विचारलं आणि उत्तर जॉबकार्डवर लिहून घेतलं. वॉरंटीत उजवी लिंक, डाव्या बाजूचं माउंट (शॉकॲब्सॉर्बरचं डोकं गाडीला जोडणारा भाग) आणि बेअरिंग बदललं, मला काही द्यावं लागलं नाही. उजवं बेअरिंगही बदला अशी विनंती केली होती. त्यात दोष नाही म्हणून नकार मिळाला आणि तो मला पटला. गाडी घेऊन निघाले तर स्टीअरिंग सरळ रस्त्यावर किंचित तिरकं. शॉकॲब्सॉर्बर काढून बसवला की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तपासायला हवी. ती राहून गेली होती. त्याच दिवशी परतले आणि करून घेतली.

त्यानंतरचे सात महिने, जवळपास ९,००० किलोमीटर. दोन्ही आवाज परत आलेले नाहीत, थंडीतल्या सकाळीसुद्धा. मध्ये एकदा चाकातून ‘खर्रर्र’ असा भयंकर आवाज आला आणि छातीत धस्स झालं. पण तो चाकाबरोबर फिरत होता, वेगाबरोबर बदलत होता. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांत खडा अडकला असावा असं वाटलं. गाडी थोडी मागे घेतली, पुन्हा पुढे, आणि आवाज बंद. वर्षापूर्वी याच आवाजासाठी मी रजा टाकून सर्व्हिस सेंटर गाठलं असतं.

गाडी मला आवडते आणि या प्रकरणानंतरही हेच मॉडेल घ्या असं मी सांगेन. डीलरबद्दल माझं मत मिश्र आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत कोणी माझ्या शेजारी बसलं नाही, हे मी विसरलेले नाही. चौथ्या फेरीत ज्यांनी काम केलं, त्यांच्याकडेच मी पुढची सर्व्हिस मागून घेतली आहे. बदललेल्या भागांना माझ्या मूळ वॉरंटीच्या उरलेल्या मुदतीपुरतंच संरक्षण आहे, असं मला सांगण्यात आलं. तुमच्याकडे नियम वेगळा असू शकतो, वॉरंटीची पुस्तिका वाचा. मुदत संपत आली असेल तर दुरुस्ती नंतर झाली तरी सहसा चालतं, पण तक्रार मुदत संपण्याआधीच नोंदवलेली हवी.

उजव्या बाजूचं बेअरिंग अजून मूळचंच आहे. पार्किंगमधून निघताना खिडकी खाली करून ते ऐकायची सवय लागली आहे. आजपर्यंत तरी शांत आहे.