मोकळा प्लॉट: घर बांधायचं की झाड लावायचं?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात हजारो प्लॉट ओस पडलेत. कारखाने गेले, माणसं गेली, घरं पाडली आणि राडारोडा तळघरातच लोटून वर माती पसरली. तिथे करायचं काय?

फळबागेला खर्च कमी. फिलाडेल्फिया ऑर्चर्ड प्रोजेक्ट 2007 पासून वस्त्यांना झाडं लावायला मदत करतं. पण फावडं मारलं की खण्णकन वीट लागते, शिवाय जुन्या रंगातलं शिसं मातीत मुरलेलं असतं. म्हणून आधी माती तपासायची. फळझाडांचं एक बरं: शिसं फळापर्यंत फारसं पोचत नाही. पालेभाजीला मात्र ती माती चिकटूनच येते. नुसती साफसफाई करून हिरवळ लावली तरी फरक पडतो. याच शहरातल्या 541 प्लॉटवर अभ्यास झाला, 2018 मध्ये निष्कर्ष आले. शेजाऱ्यांमधली उदासी स्पष्ट घटली होती.

दुसरा पर्याय, बेघरांसाठी आधारासह घर. ते म्हणजे नुसतं छप्पर नाही. भाडं उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के, आणि औषधं, व्यसनमुक्ती, नोकरी यासाठी हाकेच्या अंतरावर माणूस. 1989 मध्ये सुरू झालेली इथली ‘प्रोजेक्ट होम’ ही संस्था हेच करते. पैसा मात्र बाराही महिने लागतो.

मला विचाराल तर मोठ्या, बसच्या रस्त्याजवळच्या जागेवर घरंच हवीत. फुटपाथवर झोपणाऱ्याला सफरचंदासाठी 3-4 वर्षं थांब, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? दोन घरांमधल्या 15-16 फुटी पट्टीत मात्र झाडं लावा. आणि जमिनीचे कागद आधी पक्के करा; कागद नसलेल्या बागा लिलावात गेल्यात.