लेस्टरमधला एक हिवाळा: विजेची पांघरुणं, डीह्युमिडिफायर आणि बॉयलरचं एक बटण

२०२२-२३ च्या हिवाळ्यात आमच्या घरात तीन गोष्टी नव्या आल्या. अंगावर घ्यायची दोन विजेची पांघरुणं (इथे त्यांना हीटेड थ्रो म्हणतात), एक डीह्युमिडिफायर (हवेतलं बाष्प ओढून घेणारं यंत्र) आणि घर तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरमधलं पाणी कमी तापवायची सवय. पहिल्या दोन विकत आणल्या, तिसरी फुकट. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ असे सहा महिने रोज वापरून, दर रविवारी सकाळी गॅसचं मीटर वहीत उतरवून, मग हे लिहायला बसले आहे. सप्टेंबरमध्ये मी स्वतः माहिती शोधत होते तेव्हा बहुतेक अनुभव वस्तू घरी आल्याच्या आठवड्यात लिहिलेले होते. डिसेंबर पाहिलेल्या माणसाचं मत मला हवं होतं.

आमचं घर इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातलं, रांगेतलं, शंभर वर्षांहून जुनं. लाल विटांच्या भिंती भरीव आहेत, त्यामुळे दुहेरी भिंतींमधली पोकळी ऊब टिकवायला भरून घेतात तो मार्ग आम्हाला नाही. घरात मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि नोव्हेंबरपासून सासूबाई. त्या साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

दरांचं थोडक्यात सांगते, कारण सगळे निर्णय त्यावरूनच झाले. सर्वसाधारण घरासाठी वर्षाच्या खर्चाची म्हणून जी मर्यादा ऑफजेम (इथली वीज-गॅसची नियामक संस्था) जाहीर करतं, ती ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती. एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ झाली आणि ऑगस्टअखेरीस ऑक्टोबरसाठी ३,५४९ चा आकडा आला. ती रात्र आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात हिशेब करत काढली. पुढे सरकारनं मध्ये पडून ती २,५०० वर रोखली, पण मर्यादा युनिटच्या दरावर असते, तुमच्या बिलावर नाही. जेवढं जास्त जाळाल तेवढं भरावंच लागतं. आमच्या ओळखीच्यांत तेव्हा अनेकांना वाटत होतं की २,५०० च्या वर बिल जाणारच नाही. तो गैरसमज होता.

गॅसचं युनिट आदल्या हिवाळ्यात सुमारे ४ पेन्सला होतं, ते १०.३ झालं. विजेचं ३४ पेन्स. म्हणजे उष्णता तीच, पण विजेवर घेतली तर गॅसच्या जवळपास तिप्पट महाग. म्हणूनच तेलाचा फिरता रेडिएटर आणायचा विचार आम्ही सोडला. दीड किलोवॉटचा तो हीटर तेव्हाच्या दरानं एका तासात ५१ पेन्स घ्यायचा.

थ्रोचं गणित वेगळं आहे. आमचे थ्रो साधारण १०० वॉटचे, म्हणजे दहा तासांना एक युनिट. संध्याकाळचे चार तास सोफ्यावर घेऊन बसलं तर १४ पेन्सही होत नव्हते. ४५ पौंडांना एक पडला. हाताशी एक छोटं बटणाचं यंत्र असतं, सहा पायऱ्या आहेत, आम्ही तिसरीच्या वर क्वचित गेलो. तीन तासांनी आपोआप बंद होतो. सुरुवातीला याचा राग यायचा, नंतर एकदा नवरा त्यात झोपून गेला तेव्हा ती सोय किती गरजेची आहे ते कळलं. वायर सोडवून मशीनमध्ये धुता येतो, सहा महिन्यांत चार वेळा धुतला, काही बिघडलं नाही. घडी घालून चालू ठेवायचा नाही, आणि त्याच्याबरोबर गरम पाण्याची पिशवी घ्यायची नाही.

एक मात्र कळकळीनं सांगते. आईंना, म्हणजे सासूबाईंना, मधुमेह आहे आणि तळपायांना चटका लवकर कळत नाही. अशा माणसाच्या पायांवर हे पांघरूण ठेवू नका. आम्ही त्यांना ते फक्त खांद्यांवर, सगळे जागे असताना दिलं. त्यांना ते आवडलंही. "पाठ शेकल्यागत होतं गं," म्हणायच्या. पण झोपताना त्यांची गोधडीच. जुन्या नऊवारीच्या सहा थरांची, बारीक धावदोऱ्याची, साताऱ्याहून येताना बॅगेत अर्धी जागा तिनंच घेतली होती. त्या गोधडीनं वीज न लागता जे काम केलं ते या दोन थ्रोंपेक्षा कमी नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये मात्र आमच्या हातून मोठी चूक झाली. थ्रो इतके छान चालले होते की आम्ही थर्मोस्टॅट (घर किती अंशांवर ठेवायचं ते ठरवणारं यंत्र) १६ वर आणला आणि मागच्या बेडरूमचा रेडिएटर पूर्ण बंद केला. माणसं ऊबदार आहेत ना, मग खोली कशाला तापवायची, असा विचार. तीन आठवड्यांनी आई म्हणाल्या, "अगं, या खोलीत वास येतोय. आपल्याकडं पावसाळ्यात परड्यातल्या खोलीला येतो तसा. कपाट सरकवून बघितलंस का?"

मी नव्हतं बघितलं. दोघांनी मिळून कपाट ओढलं. मागच्या बाहेरच्या भिंतीवर, खालच्या कोपऱ्यात, हातभर जागेत काळ्या ठिपक्यांची बुरशी पसरली होती. कपाटाची मागची फळी बोटाला ओलसर लागत होती. खालच्या खणात आईंची इरकल ठेवली होती, तिला तो वास धरला होता. मुलगा त्याच खोलीत झोपत होता. पंधरा दिवस त्याचा खोकला मी शाळेतल्या सर्दीवर घालत होते.

मग मी हे नीट समजून घेतलं. हवा गार झाली की तिच्यात कमी बाष्प मावतं. २० अंशांच्या खोलीत ६० टक्के आर्द्रता असेल, तर तेवढंच बाष्प १६ अंशांना जवळपास ७७ टक्के होतं. आणि जी भिंत १२ अंशांखाली गेली तिच्यावर त्याचं पाणी होतं. आमच्या घरात बाष्पाची कमतरता कुठे होती? सकाळी कुकरच्या शिट्ट्या, भात, वरण, अंघोळी, चार माणसांचा श्वास, आणि त्यात रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. मशीनमधून काढलेल्या एका धुण्यात दोनेक लिटर पाणी असतं. ते सगळं आमच्या भिंतींत जात होतं.

दुसऱ्याच दिवशी डीह्युमिडिफायर मागवला, १७० पौंडांना. या सगळ्या खरेदीतली ही एक वस्तू मी आधी घ्यायला हवी होती. पहिल्या रात्री दार लावून, खोलीत एका धुण्याचे कपडे वाळत टाकून तो चालू ठेवला. सकाळी टाकी उपसली तर सव्वादोन लिटर पाणी. मुलानं ते मोजपात्रानं मोजून वहीत लिहिलं, आणि मग मार्चपर्यंत ते त्याचंच काम झालं.

आमचा कॉम्प्रेसरचा आहे, सुमारे २०० वॉट घेतो. दिवसाला सरासरी सहा-सात तास चालवला. आवाज जुन्या फ्रिजइतका, त्यामुळे माणूस झोपलेल्या खोलीत नको. खोली १५ अंशांखाली असेल तर तो मंदावतो. अगदी थंड, न तापवलेल्या खोल्यांसाठी दुसऱ्या प्रकारचा, डेसिकंट, घ्यावा लागतो, पण तो वीज जास्त खातो. एक फायदा आधी लक्षात आला नव्हता: हवेतल्या बाष्पाचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती खोलीतच राहते, शिवाय यंत्रानं घेतलेली वीजही उष्णता म्हणून खोलीतच येते. कपडे वाळवायची खोली दार बंद असताना शेजारच्या खोलीपेक्षा दोन अंशांनी जास्त दाखवायची. आम्ही आठ पौंडांचा आर्द्रता मोजायचा छोटा डबा आणला आहे, त्यावर ५० ते ६० च्या मध्ये आकडा ठेवतो. बुरशी पुसून काढली, कपाट भिंतीपासून हातभर पुढे घेतलं, ती परत आली नाही. इरकल तीन वेळा उन्हात टाकली, तेव्हा वास गेला. इथलं ऊन मिळायला मार्च उजाडला.

आणि थर्मोस्टॅट १८ वर नेला. इथलं आरोग्य खातंही घर किमान १८ अंशांवर ठेवा असंच सांगतं. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर बिलाच्या भीतीनं त्याखाली जाऊ नका. आम्ही गेलो होतो, आणि त्याचा मला अजून त्रास होतो.

बॉयलरचं बटण ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट. आमचा कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी नाही. त्यावर दोन बटणं असतात: नळाचं चित्र असलेलं आणि रेडिएटरचं चित्र असलेलं. रेडिएटरचं आमच्याकडे बसवल्या दिवसापासून ७५ वर होतं. ते ५५ वर आणलं. हे बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे असतात. रेडिएटरांमधून फिरून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांखाली असलं तरच धुरातल्या वाफेचं आतल्या आत पाणी होतं आणि तिची उष्णता आपल्याला मिळते. ७५ वर ठेवलं की ती वाफ भिंतीतल्या नळीतून बाहेर जाते. डिसेंबरमध्ये सरकारी मोहिमेतही ६० चा सल्ला आला.

वापरताना फरक हा पडतो की रेडिएटर हाताला चटका देत नाही, कोमट लागतो. पहिल्या आठवड्यात नवऱ्याला वाटलं बॉयलर बिघडला. घर तापायला वेळ लागतो, म्हणून सकाळचं हीटिंग सहाऐवजी साडेपाचला सुरू करतो. ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी मात्र विचारल्याशिवाय हे करू नये, टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापणं जंतू मरण्यासाठी गरजेचं असतं.

यातून एक प्रसंग ओढवला. डिसेंबरच्या मध्याला, बर्फ पडलं त्या आठवड्यात, पहाटे बॉयलरमधून गुळण्या केल्यासारखा आवाज आला आणि तो बंदच पडला. पडद्यावर बिघाडाचा आकडा. बाहेर उणे सहा. वाफेचं जे पाणी होतं ते एका पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीतून बाहेर सोडलेलं असतं, आणि ती नळी गोठली होती. पाणी जास्त निघत होतं, नळी बारीक होती आणि बसवणाऱ्यांनी ती भिंतीवरून उघडीच नेली होती. बाहेरची नळी ३२ मिलिमीटरची आणि वरून आवरण घातलेली असायला हवी, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. बोलावणं करायचं तर सकाळी दहाच्या आधी कुणी येणार नव्हतं. मग मी कोट चढवून, उकळतं नव्हे, कोमट पाणी भांड्यानं नळीवर ओतत राहिले आणि नवऱ्यानं खालच्या वाकणाला गरम पाण्याची पिशवी बांधली. वीस मिनिटांनी आत काहीतरी खळकन सुटलं आणि बॉयलर सुरू झाला. तोवर आई आणि मुलगा एका गोधडीत, एका थ्रोखाली बसून होते. त्या दिवशी थ्रोचे पैसे वसूल झाले असं मी मानते. नळीला आवरण आता घातलं आहे, सात पौंडात काम झालं.

आता हिशेब. आदल्या हिवाळ्यात याच सहा महिन्यांत गॅसचे ९,४०० युनिट जळाले होते, यंदा ६,३००. म्हणजे एक तृतीयांश कमी. (आमचं मीटर घनमीटर दाखवतं. एका घनमीटरचे साधारण ११ युनिट होतात, बिलावर हिशेब दिलेला असतो.) तरी आदल्या वर्षी ३७६ पौंडांचा गॅस लागला होता आणि यंदा ६४९ चा. हे वाचून कुणाला वाईट वाटेल, मलाही वाटलं. पण जुन्याच पद्धतीनं राहिलो असतो तर ९६८ झाले असते. वाचले ३१९. त्यातून थ्रोंची वीज ४१ पौंड आणि डीह्युमिडिफायरची ६१ वजा करा, राहिले २१७. खरेदी झाली ३२० ची: थ्रो ९०, डीह्युमिडिफायर १७०, आणि दाराखिडक्यांच्या फटींच्या पट्ट्या, पत्रपेटीचा ब्रश, खिडकीला हेअर ड्रायरनं ताणून बसवायची पारदर्शक फिल्म असं किरकोळ ६०. म्हणजे पहिल्या हिवाळ्यात पैसे पूर्ण निघाले नाहीत. शिवाय नोव्हेंबर बऱ्यापैकी उबदार गेला, त्याचंही श्रेय या वस्तूंना देणं बरोबर नाही. सरकारचे ४०० पौंड, दोन महिने ६६ आणि चार महिने ६७ असे, बिलातून वजा झाले म्हणून आम्ही तरलो. ते आता बंद झाले आहेत.

फटींच्या पट्ट्यांबद्दल एवढंच, की पुढच्या दाराला जरूर लावा, पण स्वयंपाकघरातली आणि न्हाणीघरातली हवा खेळायची झडप बुजवू नका. ती बुजवली की पुन्हा तीच ओल.

कुणी विचारलं तर मी आधी बॉयलरचं बटण बघायला सांगेन, मग डीह्युमिडिफायर, आणि थ्रो त्यानंतर. एकटं राहणारं, दिवसभर घरून काम करणारं माणूस असेल तर थ्रो आधी घ्यायला हरकत नाही. एका माणसासाठी अख्खं घर तापवण्यापेक्षा तो फार स्वस्त पडतो. भाड्याच्या घरात असाल आणि भिंत ओली दिसली तर फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा, स्वतःच पुसून गप्प बसू नका.

आई पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जातील. थ्रो धुऊन, नीट वाळवून, सैल गुंडाळून ठेवले आहेत, घडी घातली की आतली तार मोडते. डीह्युमिडिफायर अजून धुण्याच्या दिवशी चालतो. ऑक्टोबरच्या आत माळ्याचं काम करायचं आहे. परवा शिडी लावून वर पाहिलं, तर आमच्याकडे ऊब टिकवणारं लोकरीसारखं ते आवरण जेमतेम १०० मिलिमीटर जाड आहे आणि हवं २७०. टेप घेऊन सगळा माळा मोजून काढला आहे, जूनमध्ये रोल आणतो.