डायलन डॉगवरचे दीड सिनेमे: कुठला पाहाल?

डायलन डॉग या गुप्तहेराच्या इटालियन भयकॉमिकचे अंक हाती लागले की माणूस कधी ना कधी विचारतोच, यावर सिनेमा आहे का? आहे. खरं तर दीड आहे. साडेपाचवं इंद्रिय मिरवणाऱ्या गुप्तहेराला तेवढेच शोभतात.

पूर्ण सिनेमा म्हणजे २०११ चा ‘डायलन डॉग: डेड ऑफ नाइट’. हक्क घेऊन, नावासकट काढलेला. अर्धा म्हणजे १९९४ चा मिकेले सोआवीचा ‘देल्लामोर्ते देल्लामोरे’, जो अमेरिकेत ‘सिमेटरी मॅन’ म्हणून लागला. यात डायलनचं नावही नाही. पण कथा ज्या कादंबरीवरून घेतली ती डायलनचा निर्माता तिझियानो स्क्लावी याचीच, आणि तिचा नायक फ्रान्चेस्को देल्लामोर्ते १९८९ च्या एका विशेषांकात डायलनला भेटून गेलेला. त्याहून मोठी गंमत चेहऱ्याची. १९८६ पासून कॉमिकमध्ये डायलन काढला जातो तो रूपर्ट एव्हरेट या नटावरून, आणि इथे नायक आहे खुद्द एव्हरेट.

मी आधी अधिकृत सिनेमा पाहिला, आणि चाहते बोटं मोडतात तितका तो वाईट वाटला नाही. कॉमिकमधल्या लंडनचं न्यू ऑर्लीन्स झालं, चालेल. डायलनचा कॉमिकमधला विनोदी मदतनीस ग्रूचो गायब, याचा राग सगळ्यांना येतो, मलाही आला. पण जुना अमेरिकन विनोदवीर ग्रूचो मार्क्स, ज्याच्यावरून तो बेतलाय, त्याचा चेहरा वापरायचा तर हक्कांचं लचांड मागे लागतं. १९९९ मध्ये डार्क हॉर्स या अमेरिकन प्रकाशनाने इंग्रजी अंक काढले तेव्हाही बिचाऱ्याची मिशी उडवून ‘फीलिक्स’ असं बारसं करावं लागलं होतं. त्याच्या जागी आलेला मार्कस मात्र झकास. मेल्यावर झाँबी होतो, हे मान्य करायला तयार नसतो, आणि मग सुट्या अवयवांच्या दुकानात हात शोधत फिरतो. सिनेमातली निम्मी मजा त्याचीच.

मला खुपली ती भलतीच गोष्ट: पडद्यामागून बोलणारा डायलन. व्हॅम्पायर आला की व्हॅम्पायर म्हणजे काय, लांडगेमाणसं आली की त्यांचं घराणं कुठलं, कोण कोणाशी कसं वागतं, सगळं तो समजावून सांगतो. आपण बघतोच आहोत, तरी सांगतो. डायलन झालेल्या ब्रँडन रूथचा आवाज चांगला आहे, तक्रार त्याची नाही. पण भुताला ओळखपत्र दिलं की भीती जाते, आणि विनोद समजावला की तोही जातो. एकदा वैतागून मी मधली दहाएक मिनिटं आवाज बंद करून पाहिली. काहीही अडलं नाही.

हाच प्रयोग मग ‘देल्लामोर्ते’वर केला, कारण तिथेही नायक सतत मनातलं बोलत असतो. दोन मिनिटांत आवाज परत चालू करावा लागला. चित्रात दिसत होता एक स्मशानरक्षक, सातव्या रात्री कबरीतून उठणाऱ्यांना गोळ्या घालणारा. तो हे सरकारदरबारी का कळवत नाही, तर अर्ज भरण्यापेक्षा गोळी घालणं सोपं, हे आवाजातून कळतं. मेलेले का उठतात, ते त्यालाही माहीत नाही आणि शोधायची हौसही नाही. फावल्या वेळात तो टेलिफोन डिरेक्टरी वाचतो आणि मेलेल्यांची नावं खोडतो. कॉमिकमधली ती कंटाळलेली, हळवी, जराशी वेडसर खिन्नता ती हीच. नाव बदललं, पण डायलन इथे भेटतो असं मला तरी वाटतं. पाहायचा तर इंग्रजीत पाहा, म्हणजे एव्हरेटचा स्वतःचा आवाज मिळेल.

आणि न्यागी! जेमतेम एक शब्द बोलणारा मदतनीस, जो महापौरांच्या मुलीचं तुटलेलं मुंडकं फुटक्या टीव्हीच्या खोक्यात ठेवून तिच्याशी संसार मांडतो. लिहिताना ओंगळ वाटतं, पडद्यावर मात्र गलबलून येतं.

अर्थात हा सिनेमा सगळ्यांना मानवेल असं नाही. उत्तरार्धात तो भरकटतो, निदान पहिल्यांदा पाहताना तसं वाटतं. आन्ना फाल्की एकामागून एक तीन बायका रंगवते, त्यातल्या तिसरीपर्यंत आपण थोडे थकतो. बायकांकडे पाहण्याची नजरही आज काही ठिकाणी बोचेल. नग्नता आहे, रक्त आहे, त्यामुळे घरात मुलं जागी असताना लावू नका. तशी वेळ असेल, किंवा दिवसभर डोकं पिकल्यावर नुसतं काहीतरी हलकंफुलकं हवं असेल, तर २०११ चाच बरा, मार्कससाठी तरी.

ठरत नसेल तर ‘देल्लामोर्ते’ची पहिली काही मिनिटं लावा. नायक फोनवर बोलतोय, दार वाजतं, तो उघडतो, दारात उभ्या मेलेल्याला गोळी घालतो आणि बोलणं पुढे चालू ठेवतो. तिथे हसू आलं तर उठू नका. नाहीच आलं, तर न्यू ऑर्लीन्स आहेच.