फोनो प्रीअ‍ॅम्पचा गेन कमी करायचाय: व्हॉल्व्ह बदलावा, कपॅसिटर काढावा की शेवटी दोन रेझिस्टर लावावेत?

घरी बांधलेला व्हॉल्व्हचा फोनो प्रीअ‍ॅम्प (रेकॉर्डच्या सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) पहिल्यांदा चालू केला की बहुतेकांची अडचण एकच असते: आवाज फार, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) जास्त. फोंड्याला माझंही तेच झालं. मंगेशीच्या अभिषेकीबुवांची एलपी लावली, अ‍ॅम्पचा नॉब जरासा हलवला आणि घर दणाणलं. नॉब इतका खाली असला की त्याच्या दोन्ही बाजू सारख्या चालत नाहीत, त्यामुळे तानपुरा सरळ डावीकडे गेलेला.

हिशोब करून बघा. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, म्हणजे सुईमागचा पिकअप, साधारण ५ मिलिव्होल्ट देते. १२एएक्स७ व्हॉल्व्हचे दोन टप्पे, प्लेटला १०० किलोओम, कॅथोडला दीड किलोओम. प्रत्येक टप्पा सिग्नल सुमारे ६० पट वाढवतो. मधलं पॅसिव्ह आरआयएए नेटवर्क (रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज आणि वाढवलेले वरचे सूर परत समतोल करणारं) १ किलोहर्ट्झला त्याचा दहावा भाग ठेवतं. हातात येतात जवळपास १.८ व्होल्ट. अ‍ॅम्पला अर्धा व्होल्ट पुरतो, म्हणजे १२ डीबीच्या (डेसिबल; दर ६ ला सिग्नल निम्मा) आसपास काढायचे आहेत.

पहिला मोह व्हॉल्व्ह बदलण्याचा. १२एयू७ पिनला पिन जुळतो, हीटरही तेवढाच घेतो, आणि त्याचा म्यू (वाढवण्याची क्षमता) १०० ऐवजी २० च्या खाली. पण त्याच कॅथोड रेझिस्टरवर त्याचं प्लेट व्होल्टेज फार खाली बसतं, म्हणजे बायस (सिग्नल नसतानाचं व्होल्टेज आणि करंट) नव्याने लावणं आलं. शिवाय एका व्हॉल्व्हमध्ये दोन ट्रायोड (सिग्नल वाढवणारे स्वतंत्र भाग) असतात. तुमच्या चॅनलचे दोन्ही टप्पे एकाच व्हॉल्व्हमध्ये असतील तर पहिला टप्पाही बदलतो, आणि आरआयएएचं गणित त्याच टप्प्याच्या प्लेट रेझिस्टन्सवर बसवलेलं असतं. एका टप्प्यातून फक्त ३ डीबी काढायचे असतील तर ५७५१ व्हॉल्व्ह चांगला. तो हीटरला किंचित जास्त करंट घेतो, एवढं लक्षात ठेवा.

दुसरा मार्ग फुकटचा: कॅथोड रेझिस्टरला समांतर बसवलेल्या बायपास कपॅसिटरचा एक पाय सोडवा, त्या टप्प्याचे ६ डीबी गेले. दोन्ही टप्प्यांत केलं की १२, असं वाटतं. पहिल्या टप्प्यात मात्र हे करू नका. त्याचा आउटपुट इम्पीडन्स (आउटपुटचा आतला विरोध) ३८ वरून ६८ किलोओमवर जातो, आरआयएएचा वक्र सरकतो आणि खर्ज मधल्या सुरांच्या मानाने फुगतो. सिग्नल सगळ्यात नाजूक असतो तिथेच त्या उघड्या रेझिस्टरची सळसळही मिसळते. दुसऱ्या टप्प्यात चालेल. फक्त ते ६८ किलोओम मग थेट केबलला दिसतात आणि लांब केबलमध्ये वरचे सूर कमी होतात.

मी शेवटी तिसरा मार्ग धरला. आउटपुट कपॅसिटरनंतर १०० किलोओम सिरीजमध्ये, मग ४७ किलोओम ग्राउंडला. १२ डीबी गेले, वक्राला धक्का नाही, आणि प्रीअ‍ॅम्पची हम व सळसळही सिग्नलबरोबर तितकीच खाली आली. २५० व्होल्टवर चालणाऱ्या दुसऱ्या टप्प्याला १.८ व्होल्ट काहीच नाहीत, त्यामुळे आत सिग्नल कापला जाण्याची भीती नाही. आउटपुट इम्पीडन्स ३५ किलोओम राहतो, म्हणून केबल मीटरभरच ठेवा. अ‍ॅम्पचा इनपुटच ४७ किलोओमचा असेल तर खालचा रेझिस्टर लावूच नका. ते काम अ‍ॅम्प करतो. आता माझा नॉब मधोमध असतो आणि तानपुराही.

रेझिस्टरऐवजी पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) लावायचा विचार असेल तर आपली हवा आठवा. मी आधी पॉटच लावला होता. श्रावण येईपर्यंत तो खरखरायला लागला. मेटल फिल्म रेझिस्टर अशा दमट दिवसांतही जागचे हलत नाहीत.

एमसी कार्ट्रिज (मूव्हिंग कॉइल, फार क्षीण सिग्नलची) थेट जोडलेली असेल तर यातलं काहीच करू नका. तिथे गेन आधीच कमी पडतो.

सोल्डरिंग करण्याआधी प्लग काढा आणि फिल्टर कपॅसिटरवर मीटर धरून व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करा. ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) नसेल तर वीज बंद केल्यावरही ते २५० व्होल्ट बराच वेळ तिथेच बसून असतात.