ड्रायव्हर बदलला, त्याचे तास कुठं गेले? हजेरी रजिस्टर, जीपीएस आणि छापील ड्यूटी बुकाची पारख

जालन्यात सळई भरणाऱ्या गाडीमालकाकडं बिल्टी (माल पाठवल्याची पावती) बुक असतं, वजनकाट्याच्या पावत्या असतात, फास्टॅगचे मेसेज असतात. कोणता टायर कधी चढवला तेही लिहिलेलं सापडतं. पण काल कामावर ठेवलेला ड्रायव्हर गेल्या ७ दिवसांत किती तास स्टिअरिंगवर होता, याचा कागद बहुतेक ऑफिसांत नसतो. घोटाळा नेमका इथं होतो.

समजा, एकानं जुन्या मालकाकडं सोमवार ते शनिवार १०, ९, १०, ८, १० आणि ५ तास काम केलं. झाले ५२. शनिवारी दुपारी हिशोब झाला, संध्याकाळी तो दुसऱ्याकडं लागला आणि रात्री ९ वाजता भिवंडीची गाडी घेऊन समृद्धी महामार्गाला लागला. नव्या मालकाच्या वहीत तो ताजातवाना, शून्य तासांचा माणूस. अंगात मात्र ५२ तास मुरलेले. पुढं रात्रीचे सहा-सात तास, सरळसोट रस्ता आणि ८० चा वेग.

१९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास सांगत होता. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीला मंजुरी घेऊन १० आणि ५४ पर्यंत जाता येत होतं. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विसावा आणि आठवड्याला एक सुट्टी, हेही त्यात होतं. ५ किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला तो लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये तो सामावला गेला, तरी वहीचे रकाने आखायला त्यातले आकडे अजून उपयोगी पडतात. त्यातली सगळ्यांत कामाची गोष्ट म्हणजे माल भरणं-उतरवणं, गाडीची दुरुस्ती आणि हिशोब देणं हेही कामाच्याच तासांत धरलं होतं. मिलच्या गेटवर ड्रायव्हरला चार तास गाडी पुढं सरकवत बसावं लागलं, तर ते चार तास त्याच्या खात्यावर पडायला हवेत.

आता साधनांकडं वळू. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं तयार हजेरी रजिस्टर या कामाला निरुपयोगी आहे. महिन्याच्या ३१ चौकटी आणि प्रत्येकीत 'हजर' किंवा 'गैरहजर'. ट्रिपवर गेलेला ड्रायव्हर चार दिवस नुसता 'हजर' दिसतो. तो पाच तास चालला की पंधरा, चौकटीला कळत नाही. पगार काढायला ते ठीक, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

जीपीएसच्या ॲपकडून मालक फार आशा ठेवतात. गाडी कुठं थांबली, इंजिन कधी चालू-बंद झालं, हे ते चोख दाखवतं. पण ते गाडीचं रेकॉर्ड आहे. इंजिन बंद करून ड्रायव्हर उन्हात थप्पी मोजत उभा असेल, तर ॲपमध्ये तो 'थांबा' म्हणून पडतो आणि मालक त्याला विश्रांती समजतो. पुष्कळ ॲपमध्ये गाडीला ड्रायव्हरचं नाव जोडायची सोय असते. बीडला ड्रायव्हर बदलला तरी ऑफिसातलं कुणी ते नाव बदलत नाही, मग पुढचे सगळे तास उतरलेल्या माणसाच्या नावावर चढत राहतात. एक तपासणी आवर्जून करा: एखाद्या टोल नाक्याची फास्टॅगची वेळ ॲपमधल्या वेळेशी ताडून पाहा. साडेपाच तासांचा फरक निघाला तर रिपोर्ट भारतीय वेळेत लावलेला नाही, सेटिंग बदलून घ्या. समृद्धीवर टोल बाहेर पडताना कापला जातो, त्यामुळं फास्टॅग तिथल्या मधल्या तासांबद्दल मुका राहतो. आणि ड्रायव्हर नोकरी सोडतो तेव्हा लॉगिन जुन्या मालकाकडंच राहतं. ड्रायव्हरच्या हाती काहीच येत नाही.

उरलं छापील ड्यूटी बुक, म्हणजे ड्रायव्हरचे रोजचे तास लिहायची वही. तयार क्वचित मिळतं, पण बिल्टी बुक छापणारा कुठलाही प्रेसवाला सांगाल तसं काढून देतो. या तिन्हींत पैसे टाकावेत असं हे एकच. फक्त छापायला देताना प्रेसवाल्यावर सोडून दिलं, तर तो बिल्टीचेच रकाने थोडे फिरवून देईल.

रोजच्या पानावर गाडी नंबर, ड्यूटी सुरू, ड्यूटी संपली, प्रत्यक्ष चालवलं, भरणं-उतरवणं व दुरुस्ती, विसावा आणि एकूण, एवढं पुरे. विसाव्याचे रकाने दोन ठेवा: एक गाडी सोडून घेतलेला, दुसरा गाडीतच घेतलेला. डबल ड्रायव्हर असतील तेव्हा मागच्या बर्थवर झोपलेल्याचे तास कुठं लिहायचे यावर हमखास वाद होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ नुसार गाडीजवळ थांबून राहण्याची वेळ कधी विसावा धरायची, हे राज्य सरकार ठरवू शकतं. म्हणून ती वेळ वेगळी लिहिलेली बरी, नंतर हवी तिकडं धरता येते. वेळ २४ तासांच्या घड्याळात लिहा. नुसतं '९' लिहिलं की सकाळचे की रात्रीचे यावर महिन्यानं भांडण लागतं. मध्यरात्री पान बदलायचं: रात्री ९ ते पहाटे ४ ची फेरी आज ३ तास आणि उद्या ४ तास अशी तोडून लिहायची.

नोंदीची प्रत खालच्या पानावर उमटायला हवी, म्हणून कागदाचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. साधा कार्बन एप्रिल-मेच्या केबिनमध्ये तापून पसरतो आणि खालची प्रत काळीमिट्ट होते. कार्बनलेस (मध्ये कार्बन न घालता प्रत काढणारा) कागद स्वच्छ उमटतो, पण लिहिताना पुठ्ठा मध्ये सरकवला नाही तर आजची नोंद उद्याच्या आणि परवाच्या पानावरही उतरते. पुठ्ठा बाइंडिंगलाच जोडून घ्या, सुटा दिला तर पहिल्याच ढाब्यावर हरवतो. बॉलपेनच वापरायचं, जेल पेनचा दाब खालपर्यंत पोचत नाही.

खरी किंमत शेवटच्या पानांची आहे. प्रत्येक बुकात मागं चार पानं 'सुटकेची', म्हणजे ड्यूटीतून मोकळं झाल्याची, छापून घ्या. त्यावर मागच्या सलग ७ तारखा, प्रत्येकीसमोर एकूण तास, खाली ७ दिवसांची बेरीज, शेवटची सुटका कोणत्या तारखेला किती वाजता झाली ती वेळ आणि ड्रायव्हरची सही. अमेरिकेत पहिल्यांदा कामावर घेतलेल्या ड्रायव्हरकडून मालकानं असंच सही केलेलं निवेदन घ्यायचं असतं: आधीच्या ७ दिवसांचे एकूण ड्यूटी तास आणि शेवटच्या सुटकेची वेळ. तिकडं ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र असूनही ही अट आहे. युरोपात टॅकोग्राफ या तास नोंदवणाऱ्या यंत्राचं ड्रायव्हरच्या नावाचं कार्ड असतं, मालक बदलला तरी कार्ड त्याच्याच खिशात. आपल्याकडं ते काम या एका पानावर भागवायचं आहे.

जुन्या मालकाच्या सहीची जागा ठेवा, पण ती सक्तीची करू नका. उचल बाकी असली की मालक कशावरच सही करत नाही. म्हणून याच पानावर उचल, भत्ता, डिझेलचा हिशोब लिहायचा मोह टाळा. पैशाचा आकडा दिसला की तासांचा कागद अडकून पडतो. ड्रायव्हरच्या सहीचं पान नव्या मालकानं फाइलला लावायचं, खालची प्रत ड्रायव्हरनं ठेवायची. ड्रायव्हरनं रोज संध्याकाळी पानाचा फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवला, तर बुक ऑफिसात अडकलं तरी ७ दिवस हाताशी राहतात.

या बुकाची मोठी उणीव म्हणजे खोटं लिहिणं सोपं आहे. आठवड्याची पानं एकाच बसणीत, एकाच पेनानं, सगळ्या वेळा पूर्ण तासात लिहिलेली दिसली की समजावं. दोन-तीन नोंदी काट्याच्या पावतीशी आणि टोलच्या मेसेजशी जुळवल्या की लबाडी उघडी पडते. जीपीएसचा खरा उपयोग इथं होतो.

पहिल्या छपाईत प्रत्येक गाडीला एकच बुक काढा, जास्त नको. महिनाभर वापरल्यावर भरणं-उतरवण्याचा रकाना अरुंद पडतो आणि शेऱ्याची रुंद जागा रिकामी राहते, त्यामुळं दुसऱ्या छपाईला आखणी बदलावीच लागते.